बॅटरीचा दिवा लागला म्हणून बॅटरी बदलू नका

माझ्या दुकानात मागच्या फळीवर पाच बॅटऱ्या पडून आहेत. पाचही चांगल्या. रात्रभर चार्जरला लावल्या की सकाळी १२.६ व्होल्ट दाखवतात आणि कुठल्याही लहान गाडीचा सेल्फ एका झटक्यात फिरवतात. मालकांनी त्या मोडीत काढल्या, कारण डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, दिव्यावर चित्र बॅटरीचं, म्हणजे दोष बॅटरीचाच. नवी बॅटरी बसवली, दोन दिवस गाडी झकास पळाली, तिसऱ्या दिवशी तोच दिवा परत हजर. मग त्यांना माझं दुकान आठवलं.

मी कराडचा ऑटो इलेक्ट्रिशियन. सत्तावीस वर्षं हेच काम. त्या चित्राने इतक्या लोकांचा खिसा कापलाय की चित्र ठरवणारा कधी भेटला तर त्याला चहा पाजून दोन शब्द सुनावीन म्हणतो. दिव्याचं म्हणणं एवढंच असतं की चार्जिंग होत नाही. ते का होत नाही, हे शोधायला तीनशे-चारशे रुपयांचा पिवळा मीटर (मल्टिमीटर), एक टॉर्च आणि अर्धा तास पुरतो. निम्म्या वेळा तर पानासुद्धा लागत नाही.

गाडी चालवताना दिवा लागला तर

आधी तापमानाचा काटा बघा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. जुन्या मारुती ८०० मध्ये तसंच होतं, नंतरच्या के-सिरीज इंजिनांतही तसंच आहे. बेल्ट तुटला तर चार्जिंगबरोबर पाणीही फिरायचं थांबतं आणि पाच-सात किलोमीटरमध्ये इंजिन तापून हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिन उघडायचं काम निघू शकतं. काटा चढायला लागला, किंवा काटाच नसलेल्या गाडीत तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथंच बाजूला घ्या. पुढच्या गावापर्यंत नेतो वगैरे नको.

दुसरं बघायचं ब्रेक. सुमो, बोलेरो, इंडिका अशा जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि ब्रेकला जो जोर मिळतो तो त्या व्हॅक्यूमचा. बेल्ट गेला की पहिले दोन-तीन ब्रेक नेहमीसारखे लागतात, मग पॅडल दगडासारखं कडक होतं. एकदा संध्याकाळी एका वडापवाल्या (सीटवर भाडं घेणाऱ्या जीपवाल्या) दादाचा हेळवाकहून फोन आला. दिवा लागलाय, ब्रेक थोडा कडक वाटतोय, पण चिपळूण आता उतारच आहे, जाऊ का? म्हटलं, उतार आहे म्हणूनच जाऊ नको. पुढं कुंभार्ली घाट. तो रात्रभर चहाच्या टपरीवर थांबला आणि सकाळच्या चिपळूण एसटीत कंडक्टरच्या हाती मी बेल्ट पाठवला. आजही भेटला की आधी ब्रेकचीच आठवण काढतो.

पाणी ठीक आणि ब्रेक ठीक, तर आता गाडी नुसत्या बॅटरीवर चालली आहे असं समजा. लहान गाडीची बॅटरी ३५ अॅम्पियर-अवरची. इग्निशन, इंजेक्टर, पेट्रोलचा पंप आणि मधूनमधून लागणारा रेडिएटरचा पंखा मिळून १० ते १५ अॅम्पियर खातात. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब आणखी ९ अॅम्पियर. म्हणजे बॅटरी चांगली असेल तर दिवसा तास-दीड तास, रात्री वायपर आणि हेडलाइट लावून अर्धा-पाऊण तास. एसी बंद करा, टेप बंद करा, मोबाईलचा चार्जर काढा, काचा वरखाली करू नका. आणि इंजिन बंद करू नका, बंद केलंत तर परत चालू होईलच असं नाही. व्होल्टेज पडायला लागलं की इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे एकेक करून लागतात. ही सगळी एकाच घरातली रड असते, चार वेगळे दोष नसतात.

दिवा मुळात विझतो कसा

हे कळलं की अर्धं काम झालं, म्हणून जरा सवडीनं सांगतो.

दिव्याची एक बाजू चावीच्या सप्लायला, म्हणजे बॅटरीला जोडलेली असते. दुसरी बाजू एका बारीक वायरीने अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला जाते. चावी फिरवली पण इंजिन बंद आहे, तेव्हा अल्टरनेटरकडे शून्य, बॅटरीकडे १२ व्होल्ट. करंट दिव्यातून वाहतो आणि दिवा पेटतो. जुन्या गाड्यांत हाच करंट पुढं अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात जाऊन त्याला थोडंसं लोहचुंबक बनवतो. इंजिन फिरलं, अल्टरनेटर जागा झाला, त्याच्याकडेही १४ व्होल्ट आले. शेतातल्या दोन हौदांची पातळी एक झाली की मधल्या पाइपातून पाणी वाहत नाही, तसं दोन्हीकडे सारखा दाब झाल्यावर दिव्यातून करंट वाहत नाही. दिवा विझला.

म्हणजे दिवा दोन ठिकाणच्या व्होल्टेजमधला फरक दाखवतो. फरक मोठा असेल तर लखलखीत, थोडा असेल तर मिणमिणता. त्या मिणमिणत्या दिव्याकडे लोक दुर्लक्ष करतात. मला मात्र तो फार आवडतो, तो दोष कुठं आहे ते बऱ्यापैकी सांगून टाकतो. पुढं येईल ते.

चावी फिरवा, सेल्फ मारू नका

पहिली परीक्षा फुकटची. चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. लागला आणि इंजिन चालू झाल्यावर गेला, तर निदान त्या क्षणाला सगळं बरं आहे. लागला आणि इंजिन चालू झाल्यावरही तसाच लख्ख राहिला, तर चार्जिंग नाही, पुढं वाचा.

चावी ऑन केल्यावर तो लागलाच नाही, तर लोकांना वाटतं बरं झालं. तसं नाही. बल्ब गेलाय, फ्यूज गेलाय, किंवा एलची वायर तुटली आहे. जुन्या गाडीत नुसता तो छोटा बल्ब उडाला तरी अल्टरनेटर जागा होत नाही. कधी जोरात रेस दिल्यावर होतो, कधी नाहीच. दिवा नाही म्हणून मालक निर्धास्त आणि चौथ्या दिवशी बॅटरी बसलेली. मीटर कन्सोलचं काम करून आलेल्या गाड्यांत हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

डोळे आणि अंगठा

बॉनेट उघडायच्या आधी गळ्यातला टॉवेल, ओढणी, लोंबणारी बाही आवरा. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. पाना आणि अंगठी मिळून पॉझिटिव्ह ते बॉडी शॉर्ट झालं, तर बोटाभोवती भाजल्याचं कडं कायमचं राहतं. माझ्या उस्तादांच्या डाव्या हाताला तसा वण होता, शिकाऊ पोरांना ते पहिल्या दिवशी तोच दाखवायचे.

इंजिन बंद करून बेल्ट बघा. आतली बाजू वाकवून टॉर्च मारा. भेगा, सुटलेले धागे, किंवा काचेसारखी चकाकी दिसली तर बेल्ट बदला. जुन्या व्ही बेल्टचा सर्वात लांब मोकळा भाग अंगठ्याने दाबला तर साधारण १० मिलिमीटर दबावा. जास्त दबला तर ढिला आहे, पण म्हणून वीणेच्या तारेसारखा ताणायचा नाही, त्याने बेअरिंग जातं. रिब्ड, म्हणजे आतून उभ्या खाचांच्या बेल्टच्या गाड्यांत बहुधा बेल्ट आपोआप ताणून धरणारा टेन्शनर असतो, तिथं त्याची पुली गरगर आवाज करते का ते बघा. सकाळी सुरू करताना किंवा पहिल्या पावसात बेल्ट किंचाळत असेल तर तो घसरतो आहे. त्यावर साबण, पावडर, डांबर असले प्रयोग बंद करा. काही डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने धरते. ती आतून गेली की बेल्ट फिरतो, पुली फिरते, रोटर मात्र जागेवर.

मग बॅटरीचे टर्मिनल. दोन्ही क्लॅम्प हाताने पिळून बघा. हाताने हलला तर ढिला. पांढरा-हिरवा खार साठला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सुकवा, पॉलिश पेपरने घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. वर पेट्रोलियम जेली लावायची ती घट्ट केल्यानंतर, आत नाही.

शेवटी अल्टरनेटरच्या मागचं कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. लॉक मोडलेलं असतं आणि कोणीतरी ते चिकटपट्टीने बांधलेलं असतं. उंदरांनाही ही वायर प्रिय. उसाच्या फडाशेजारी गाडी लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मीटर

मीटर वापरायच्या आधी एक गोष्ट तपासा: लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना? बऱ्याच मीटरना १० अॅम्पियरचं वेगळं भोक असतं. पिन त्यात ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावली तर तो सरळ शॉर्ट होतो. माझ्या भाच्याने पहिल्याच आठवड्यात तसं केलं, वायर वितळून त्याच्या बुटाला चिकटली. नॉब २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीवर वाचन घ्या. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली आली म्हणजे उपाशी. पिन शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको. खुंटी आणि क्लॅम्पमध्येच दोष असेल तर तो असाच सापडतो.

सेल्फ मारताना कोणाला तरी मीटरकडे बघायला सांगा. साडेनऊ-दहाच्या खाली गेला तर बॅटरी कमकुवत, किंवा नुसतीच उपाशी. उपाशी बॅटरीला खराब म्हणायचं नाही. आधी चार्ज करा, मग परत तपासा. माझ्या फळीवरच्या पाचही इथंच फसल्या.

आता इंजिन चालू. १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही लावा आणि इंजिन साधारण दोन हजार आरपीएमवर धरा. तरी साडेतेराच्या वर राहिलं तर चार्जिंग चांगलं आहे. इंजिन चालू असूनही १२.३, १२.२, १२.१ असं उतरत चाललं तर चार्जिंग शून्य. १५ च्या वर गेलं तर उलटा दोष: व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, ज्याला आम्ही आयसी म्हणतो, तो गेलाय. अशा गाडीत सडक्या अंड्यासारखा वास येतो, बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, बल्ब उडत राहतात. ती तशीच चालवू नका, बॅटरी फुगते आणि पुढं इंजिनच्या कॉम्प्युटरची पाळी येते.

लोक बहुतेक इथंच थांबतात. बॅटरीवर १४ नाही, म्हणजे अल्टरनेटर गेला, काढा आणि नवा टाका. मी सांगतो ते दुसरं वाचन घ्या.

ढेबेवाडीच्या गुरुजींची गाडी

गुरुजी निवृत्त, गणिताचे. गाडी लहान पेट्रोलची, निगा अशी की डिकीत टायरच्या हवेची वही. पहिली बॅटरी चार वर्षं चालली आणि वयाने गेली, त्यात काही गैर नाही. दुसरी चौदा महिन्यांत गेली. तिसरी पाच महिन्यांत रडायला लागली. रात्री हेडलाइट लावून सिग्नलला थांबले की बॅटरीचा दिवा विडीच्या टोकासारखा मिणमिणायचा. दिवसा काही नाही. एका ठिकाणी त्यांना नवा अल्टरनेटर टाकायला सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, "उत्तर देण्याआधी तुम्ही कृती दाखवा."

दाखवली. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीवर १२.९. तोच मीटर अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर, म्हणजे बी प्लसवर, आणि काळी पिन अल्टरनेटरच्याच अंगावर: १४.३. अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता. १.४ व्होल्ट वाटेत गळत होते.

गळती शोधायची रीत अशी. इंजिन चालू, लोड, म्हणजे हेडलाइट-ब्लोअर चालू. मीटर दोन व्होल्टच्या रेंजवर. लाल पिन बी प्लसवर, काळी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. दोन्ही एकाच वाटेची दोन टोकं, त्यामुळे फरक जवळजवळ शून्य हवा. ०.२ पर्यंत चालतं, ०.५ च्या वर म्हणजे वाटेत दरोडा. गुरुजींच्या गाडीत १.३. मग दुसरी वाट: एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. तिथं ०.०५, उत्तम.

मग पॉझिटिव्हची वाट तुकड्या-तुकड्याने मोजली. बी प्लसपासून वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत काही नाही. ते टोक बॅटरीच्या डोक्यावरच्या मोठ्या फ्यूजच्या डबीत येतं. डबीतला नट हाताने फिरला. खालचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलेलं. पहिली बॅटरी बदलताना डबी सोडली होती, परत लावताना एक नट हातानेच बसवून ठेवला होता. १.३ व्होल्ट गुणिले तीसेक अॅम्पियर म्हणजे जवळजवळ ४० वॅट. माझी सोल्डरची कावी ३५ वॅटची आहे. तेवढी उष्णता त्या नटाखाली रोज रात्री जळत होती आणि बॅटरी अर्धपोटी झोपत होती.

दिवा का मिणमिणायचा, तेही गुरुजींना लगेच कळलं. अल्टरनेटरकडे १४.३, बॅटरीकडे १३ च्या आत. हौदांच्या पातळीत फरक पडला, पाइपातून थोडं पाणी उलटं वाहिलं. लोड जास्त तेव्हा गळती जास्त, म्हणून दिवसा दिवा नाही.

नट घासला, पट्टी साफ केली, दहाच्या पान्याने घट्ट केलं. बॅटरीवर १४.१. मी शंभर रुपये घेतले. पुढच्या आठवड्यात गुरुजी पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले आणि दुसऱ्या बॅटरीचं काय झालं म्हणून विचारलं. ती तोवर मोडीत गेली होती.

अर्थच्या, म्हणजे बॉडीतून निगेटिव्हला जाणाऱ्या बाजूला अशी गळती असेल, तर बहुतेक वेळा दिव्याला तिचा पत्ताही लागत नाही. बॅटरी निमूट उपाशी राहते. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन-पुसून, तेल-पाणी बदलून त्या चालू झाल्या, आणि पुढच्या हिवाळ्यात एकेक करून घाट चढून माझ्याकडे आल्या. गिअरबॉक्सवर आणि चॅसिसवर जिथं अर्थची केबल बोल्टने बसते, तिथं लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीच्या खाली गंज. वरून बोल्ट नवाकोरा दिसतो. बोल्ट काढून, धातू उघडा करून परत बसवल्याशिवाय तो गंज जात नाही. पुरातली गाडी घेतली असेल तर अर्थचे सगळे पॉइंट एकदा काढून घासाच, दिवा लागायची वाट बघू नका.

वाटा चांगल्या, अल्टरनेटरच गप्प

बी प्लसवरही १४ येत नाही. तरी तो उतरवायच्या आधी तीन-चार गोष्टी.

मोठा फ्यूज. बऱ्याच गाड्यांत ८० ते १२० अॅम्पियरची पट्टी असते. जम्पर केबलचे चिमटे उलटे लागले की ती उडते आणि बरोबर अल्टरनेटरमधले डायोडही, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जातात. डोळ्याला कधी कधी भेग दिसत नाही, दोन्ही बाजूला मीटर लावून बघा.

एलची वायर. हे फक्त साध्या, जुन्या पद्धतीच्या गाड्यांवर करायचं. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर काढा. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठं तरी बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे, अल्टरनेटर निर्दोष. आता सुटलेल्या कपलरमधली एलची पिन वायरीने बॉडीला टेकवा. दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर वायर किंवा बल्ब. एल कुठली ते नक्की माहीत नसेल तर हा भाग सोडून द्या. बी प्लसच्या जाड बोल्टला तर वायर दाखवायचीसुद्धा नाही, चावी काढली तरी त्याच्यावर बॅटरी जिवंत असते.

उस्तादांची एक युक्ती आहे, मीटरशिवायची. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर लावलेलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगपाशी न्या. रोटरमध्ये करंट येत असेल तर टोक हळूच ओढलं जातं. ओढ लागली तर कार्बन (रोटरला घासून करंट पोचवणारे तुकडे), रोटर आणि एलची वायर बऱ्यापैकी शाबूत. ओढ नाही तर दोष बहुधा त्या तिघांत किंवा आयसीत. व्हॅक्यूम पंपवाल्या अल्टरनेटरला मागून जागा नसते, तिथं पुलीच्या नटापाशी बघावं लागतं.

आणखी एक. इंजिन चालू, दिवा लागलेला, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच टकटक करा. दिवा भपकन विझला तर कार्बन झिजलेत. गाडी खड्ड्यात आपटली की दिवा जातो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचंही हेच असतं. कार्बन बदलणं काही शे रुपयांचं काम आहे, त्यासाठी अख्खा अल्टरनेटर कोणी बदलायला सांगितला तर दुसरं दुकान बघा. फक्त ज्या तांब्याच्या रिंगांवर कार्बन घासतात त्यांच्यात खोल चर पडला असेल, तर नुसते कार्बन टाकून चार महिनेही निघत नाहीत.

डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीच्या दोन खुंट्यांवर पिना. चांगल्या अल्टरनेटरला फार तर ०.१ च्या आसपास दिसतं. ०.५ च्या पुढं गेलं तर डायोड प्लेट गेली. स्वस्तातले काही मीटर एसीवर डीसी मिसळून भलताच आकडा दाखवतात. पिना उलट्या करून पाहा, आकडा एकदम शून्य झाला तर मीटरवर विश्वास ठेवू नका. डायोड गेलेल्या गाडीचं लक्षण म्हणजे रेडिओत इंजिनबरोबर चढणारी शिट्टी, मिणमिणता दिवा, आणि रात्रीत उतरणारी बॅटरी, कारण फुटका डायोड गाडी बंद असतानाही करंट पीत बसतो. हात लावून बघा, रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागला तर आणखी काही तपासायला नको.

नव्या गाड्या

वर सांगितलेलं १३.८ ते १४.५ हे गणित नव्या गाड्यांना जसंच्या तसं लावू नका. त्यांत अल्टरनेटरला किती व्होल्ट काढायचे ते इंजिनचा कॉम्प्युटर सांगतो. सपाट रस्त्यावर बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम १२.८ वर ठेवतो, एक्सलेटर सोडला की १४.८ वर नेतो. निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटी डबी आणि बारीक कपलर दिसलं तर तो बॅटरीचा सेन्सर. अशा गाडीला चार्जर लावताना काळा चिमटा खुंटीला न लावता बॉडीच्या अर्थला लावा, नाहीतर किती चार्ज झालं ते सेन्सरला कळत नाही. आणि मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या गाड्यांत अल्टरनेटरच इंजिन परत चालू करायचंही काम करतो. तिथं बेल्ट, टर्मिनल आणि अर्थ एवढं बघा, पुढचं स्कॅनरवाल्याकडे. एलची वायर बॉडीला टेकवण्याचा प्रयोग तिथं केलात तर मला फोन करू नका.

जे कधीच करायचं नाही

गाडी चालू ठेवून बॅटरीचा क्लॅम्प काढायचा आणि गाडी बंद पडते का बघायचं. जुने मेकॅनिक अजून करतात. डायनमोच्या जमान्यात चालून गेलं, पॉइंटच्या, म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाड्यांतही चालून गेलं. अल्टरनेटर दाबात चालू असताना बॅटरी अचानक काढली की तिचा आधार जातो आणि व्होल्टेज क्षणभर उसळतं, काही वेळा शंभरच्या घरात. त्या क्षणात आयसी, डायोड, कॉम्प्युटर, काहीही जाऊ शकतं. माझ्याकडे एक गाडी कार्बनच्या दुखण्यासाठी निघाली आणि वाटेत कोणीतरी ही परीक्षा घेतल्यामुळे कॉम्प्युटरच्या दुखण्यासाठी पोचली. मालकाने तेवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी बघितली असती.

काम झाल्यावर

अल्टरनेटर दुरुस्त झाला की बसलेली बॅटरी त्याच्या गळ्यात मारू नका. पार उतरलेली बॅटरी भरताना तो पूर्ण जोर लावतो, तापतो, आणि नवे टाकलेले डायोड परत जातात. बॅटरी काढून साध्या चार्जरवर ३ ते ४ अॅम्पियरने रात्रभर लावा, मोकळ्या हवेत, देवघराच्या दिव्यापासून लांब. सकाळी चार्जर काढून दोन तास थांबा, मग १२.६ येतं का बघा. आलं तर गाडीत बसवा, लोड लावून बॅटरीवर आणि बी प्लसवर दोन्ही वाचनं घ्या आणि गुरुजींसारखी कुठं तरी तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी दिवा लागला तर तो कागद घेऊन या, माझा अर्धा तास वाचतो.

व्ही बेल्ट नवा टाकला असेल तर दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर तो एकदा परत ताणून घ्या. नवा बेल्ट थोडा वाढतोच.